जहाजाची तालीम

जगात आजवर जेवढ्या म्हणून गाड्या सुटल्या असतील, त्यांतली एकही आमच्या थोरल्या साडूंना मागे ठेवून गेलेली नाही, असं मी पूर्वी कुणालाही छातीठोकपणे सांगत असे. गाडी सुटायच्या आधी पोचणारी माणसं पुष्कळ असतात. साडू गाडी लागायच्याही आधी पोचतात. लग्नाला जायचं असलं तर मांडव घालणारे आणि हे बरोबरच पोचतात, आणि मग खांब कुठे रोवायचा ते मांडववाल्यांना सांगत बसतात. नागपूरला डॉक्टरकडे जायचं असलं तर दवाखान्याचं शटर वर करायला हात लावणारे हेच. एकदा बल्लारशा स्टेशनावर आम्ही इतके लवकर जाऊन बसलो की आदल्या दिवसाची, उशिराने धावणारी तीच गाडी आमच्यासमोरून निघून गेली. मी वैतागून बघितलं, तर साडूंच्या चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, "पाह्यलं? हेबी भेटली असती आपल्याले." मी पडलो शेवटच्या क्षणी बूट हातात घेऊन धावणारा. दोघी सख्ख्या बहिणींपैकी एकीने असा आणि दुसरीने तसा नवरा कसा काय निवडला, हे कोडं आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

साडू गोंडपिपरीचे. नोकरी सगळी एसटीत झाली. वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडणारे. कधी सिरोंचा, कधी एटापल्ली, शेवटची काही वर्षं गावातच. गळ्यात शिट्टी असायची, आणि ती वाजली की गाडीने जागा सोडलीच पाहिजे, मग मागून सरपंच धावत येवो नाहीतर जावई. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. मोठीबाई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, माहेरी मूलला निघाल्या होत्या. पेटी गाडीत चढवलेली, आणि बाई नळावर फिरकीचा तांब्या भरून घेत होत्या. वेळ झाली. साडूंनी बायकोकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली. पेटी पहिल्या गाडीने माहेरी गेली आणि बाई दुसऱ्या गाडीने. हा प्रसंग मोठीबाई आजही हसत हसत सांगतात. फक्त शेवटी एवढं जोडतात, "दोन पावलंच तं राह्यली होती मी."

सामान भरणं हा या माणसाचा दुसरा संसार. मार्कंड्याच्या जत्रेला बैलगाडीने निघालेली माणसं जशी चुलीपासून चटईपर्यंत घर बांधून घेतात, तसे साडू दोन दिवसांच्या मुक्कामालाही निघतात. यादी करणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. यादी हरवते, कानावर पडलेलं हरवत नाही, असं त्यांचं मत. म्हणून ते सामान पुकारून भरतात. बाज, दिवाण आणि जेवणाचं टेबल हे त्यांचे फलाट. एकेक वस्तू हातात घेऊन स्टँडवरच्या कर्ण्याच्या आवाजात सांगायचं की डोकेदुखीच्या गोळ्या फलाट दोनवर लागलेल्या आहेत, टॉवेल फलाट एकवरून थोड्याच वेळात सुटतील. मग ती वस्तू ट्रंकेत सुटते. मोठीबाई स्वयंपाकघरातून 'सुटू द्या' म्हणाल्याशिवाय झाकण लागत नाही. या सगळ्यात मच्छरदाणी आणि ती बांधायची दोरी यांचा मान पहिला. एटापल्लीला असताना मलेरियाने त्यांना असं खिळखिळं करून सोडलं होतं की तेव्हापासून मच्छरदाणीशिवाय ते पाहुण्यांच्या घरीसुद्धा झोपत नाहीत. समुद्राच्या प्रवासाचं ठरलं आणि मच्छरदाणी पुन्हा पहिली सुटली तेव्हा मी न राहवून विचारलं की भाऊ, भर समुद्रात मच्छर कुठून येणार. त्यांनी दोरीची गाठ घट्ट करत मला विचारलं, "मच्छराले जहाजात चढाले तिकीट लागते काय?"

जहाजाचं निघालं ते मोठीबाईंमुळे. त्या लहान असताना त्यांचे वडील गावच्या विहाराच्या पायरीवर बसून एक गोष्ट सांगत. अशोकाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजातून लंकेला गेली आणि अनुराधापुरात ती फांदी लावली, ते झाड अजून उभं आहे. मोठीबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, जहाज तर नाहीच, पण ती पोर मांडीवर कुंडी घेऊन जहाजात बसली आहे, हे चित्र त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं. आपणही त्या झाडापुढे बसून एकदा त्रिशरण-पंचशील म्हणावं, आणि जावं ते जहाजानेच, एवढीच त्यांची इच्छा. साडू म्हणत, रिटायर झाल्यावर जाऊ. मग म्हणाले, घर बांधून होऊ दे. मग मुलाचं लग्न होऊ दे. त्यात मोठीबाई दारांच्या चौकटींना धडकायला लागल्या, भाजीतले खडे त्यांना दिसेनात. नागपूरच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून जितकी टिकेल तितकी, आणि ती किती टिकेल ते नक्की सांगता येणार नाही. त्या दिवशी परतताना दोघं चंद्रपूरला आमच्याकडे थांबली. साडू ओसरीवर माझ्याशेजारी बसून बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले आणि मग म्हणाले, "साडू, जिंदगीभर मी सगळीकडं लवकर पोचलो. इथीच उशीर केला. तिची नजर सुटून राह्यली अन् मी अजून फलाटावरच हाये." या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी चहा मागवला.

हैदराबादला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने मग चेन्नईहून लंकेला जाणारं एक जहाज शोधलं. सोबत म्हणून आम्हा नवरा-बायकोचीही तिकिटं काढली. जहाज पहिल्यांदा त्रिंकोमालीला थांबणार, मधला एक दिवस समुद्रात हिंडणार, मग दक्षिणेला हंबनटोटा आणि परत चेन्नई. प्रत्येक बंदरावर दिवसभर उतरून फिरायचं आणि संध्याकाळच्या आत जहाजावर परतायचं. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या सहली होत्या, पण त्या समुद्रकिनाऱ्याच्या, बेटाच्या आणि खरेदीच्या. अनुराधापूर कुठल्याच सहलीत नव्हतं, कारण ते बंदरापासून बरंच आत. तिथे आपली गाडी करून जाता येतं, पण अट अशी की जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपले आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. हा नियम मी वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं साडू घाबरतील. त्यांची मान मात्र कौतुकाने डोलली. म्हणाले, "बराबर हाये. थांबूच नये."

नियम पटला तरी धास्ती होतीच. चार रात्री तळमळून साडूंनी त्यावर असा उपाय काढला की तो त्यांनाच सुचू जाणे. त्यांनी तालीम ठरवली. त्रिंकोमालीपासून अनुराधापूर साधारण जेवढं, तेवढंच चंद्रपूरहून आलापल्ली. तेव्हा आमचं घर म्हणजे बंदर, आलापल्लीचा एक मोठा पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष, माझी गाडी म्हणजे भाड्याची गाडी आणि मी म्हणजे लंकेचा ड्रायव्हर. माझी बायको जहाज. तिला बजावून सांगितलं की ठरल्या वेळेला फाटकाला कुलूप लावायचं, मग बाहेर कुणीही असो. सकाळी जहाजावरचा म्हणून नाश्ता आमच्याच टेबलावर झाला, साडूंनी पाण्याची बाटली, टोपी, छत्री पुकारून घेतली आणि आम्ही निघालो. जाताना सगळं सुरेख जमलं. आलापल्लीला सागाच्या सावलीतून गाडी बाहेर आली, पिंपळ सापडला, मोठीबाई पदर सावरून त्याच्या पाराशी बसल्या, डोळे मिटून त्यांनी वंदना म्हटली. साडू बाजूला घड्याळ धरून उभे. डोळे उघडल्यावर बाई पिंपळाच्या खोडावर हात ठेवून म्हणाल्या की हाही पिंपळच आणि तोही पिंपळच, इथूनच मागे फिरलो तरी आपल्याला चालते. नवऱ्याचा जीव टांगणीला लागलाय हे त्यांना कळत होतं. साडूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

येताना आष्टीच्या पुलाअलीकडे सूरजागडहून निघालेल्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती, आणि त्यातला एक नेमका आडवा होऊन बसला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आम्ही. साडू खाली उतरले आणि जुनी सवय जागी होऊन दोन्ही हातांनी गाड्या काढू लागले. एका ट्रकवाल्याने त्यांना विचारलंसुद्धा की साहेब कुठल्या ठाण्याचे. शेवटी घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि फाटकाला कुलूप होतं. मी हाका मारल्या. खिडकीत माझी बायको आली, शांतपणे म्हणाली की जहाज सुटलं, आणि पडदा ओढून घेतला. तिची मालिका संपेपर्यंत आम्ही तिघं फाटकाबाहेर नालीवर घातलेल्या रपट्यावर बसून राहिलो. मला भूक लागली होती आणि हसूही येत होतं. साडू मात्र गंभीर होते. त्यांनी मोठीबाईंना विचारलं की आता इथे रात्र काढायची वेळ आली तर आपल्याजवळ काय आहे. बाईंनी पिशवी चाचपली आणि सांगितलं, छत्री.

त्या रपट्यावरच 'सुटलंच तर' या पिशवीचा जन्म झाला. नाव साडूंनीच ठेवलं. एक मळखाऊ कापडी पिशवी, आणि तिच्यात जहाज सुटलंच तर लागणारं सगळं. दोघांचे बदलायचे कपडे, बाईंचं पांढरं लुगडं, चादर, दंतमंजन, जवसाची चटणी आणि मुरमुरे, दोरी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलेले डोळ्यांचे थेंब. पासपोर्ट आणि लंकेच्या परवानगीचे कागद मेणकापडाच्या थैलीत घालून त्यांनी गळ्यातच अडकवले, पूर्वी शिट्टी असायची तिथे. मी पुष्कळ टिंगल केली. भाऊ, दिवसाच्या फेरीला चाललात की सोयरिकीला, असं विचारलं. ते म्हणाले, "तुमी हासा. भरलेली पिशवी वाया नाई जात कधी."

बल्लारशाहून रेल्वेने आम्ही चेन्नईला पोचलो ते अर्थातच आदल्या दिवशी, आणि साडूंच्या आग्रहाखातर बंदरावर जाऊन बघितलं तर जहाजच आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सामानाच्या तपासणीत पाणी तापवायचा रॉड, तारेचा गुंडाळा आणि विळी या तीन वस्तू काढून घेतल्या. मच्छरदाणी तपासनीसाने दोन्ही हातांनी उलगडून पाहिली, सहकाऱ्याला दाखवली आणि परत घडी करून दिली. जहाजात शिरल्यावर साडूंचा पहिला उद्योग म्हणजे जागा धरणे. एसटीत खिडकीतून दुपट्टा टाकला की जागा आपली. वरच्या डेकवर खुर्च्यांवर खांद्यावरचा दुपट्टा, रुमाल आणि टोपी टाकून त्यांनी चौघांची सोय केली आणि रात्री जेवणाच्या हॉलमध्येही तेच केलं. तिथल्या वेटरने दुपट्टा उचलून अदबीने घडी करून त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी त्याला समजावलं की बाबा, ही रिझर्वेशन हाये. संकटाच्या वेळी कुठे जमायचं याची कवायत झाली तेव्हा सगळं जहाज कुरकुरत होतं, आणि साडू केशरी जाकीट घालून सगळ्यांच्या आधी उभे. जिथे तिथे वेळेच्या पाट्या, वेळेच्या घोषणा. इतक्या वर्षांनी आपली माणसं भेटल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता. खोलीत टीव्हीच्या कडीपासून न्हाणीच्या दारापर्यंत दोरी ताणून मच्छरदाणी लागली. खोली आवरायला येणारा मुलगा दोन दिवस वाकून आत शिरत होता.

समुद्र दिसताच मोठीबाई पुढे गेल्या. कठड्याला दोन्ही हात लावून त्या उभ्या राहिल्या आणि सगळीकडून वारा येतो एवढंच म्हणाल्या. पण माझ्या बायकोला समुद्र अजिबात मानवला नाही. पहिल्या रात्रीपासून तिने जे अंथरूण धरलं ते त्रिंकोमाली आली तरी सोडलं नाही, त्यामुळे अनुराधापूरला आम्हाला जाता आलं नाही. साडू आणि मोठीबाई उतरणाऱ्या माणसांत पहिले होते. बाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं, दुसरं पिशवीत होतंच. साडूंनी खालून मला हात केला आणि घड्याळावर बोट ठेवून दाखवलं, म्हणजे काळजी नको.

दुपार उतरायला लागली तसा मी कठड्याशी येऊन उभा राहिलो. सहलीला गेलेल्या बस एकेक करून परत आल्या. टोप्या घातलेली, उन्हाने लाल झालेली माणसं चढली. मग रिक्षातून येणारी चढली. मग धावत येणारी आली, त्यांची वरून लोक टाळ्या वाजवून हुर्यो उडवत होते. मला मुळीच काळजी वाटत नव्हती. सूर्य चुकेल पण साडू चुकणार नाहीत, अशी माझी खात्री. पण जिना वर घ्यायची तयारी दिसायला लागली तेव्हा मी साडूंना फोन लावायला लागलो. हजारदा वेळेआधी पोचणारा माणूस आला नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालं, यापलीकडे मला दुसरं सुचेना. फोन लागेना. मी जहाजाच्या कचेरीत जाऊन हातापाया पडलो, ते म्हणाले नियम आहे, पासपोर्ट त्यांच्याजवळ असेल तर हंबनटोटाला चढता येईल. मी परत कठड्याशी आलो, आणि तेवढ्यात साडूंचाच फोन आला.

मी घाईने विचारलं की गाडी बिघडली का, कुठे आहात. ते म्हणाले, "गाडी चांगली हाये. आमी येऊन नाई राह्यलो, साडू. इथी भल्ला उजेड हाये. तिले झाड दिसून नाई राह्यलं. ऊन उतरलं का दिसन. जाऊ द्या जहाज." मला हे खरंच वाटेना. मी म्हटलं, भाऊ, अहो जहाज सुटेल. तर म्हणाले, "सुटनच ते. सुटालेच पाह्यजे." मग जरा लाजल्यासारखे बोलले, "भोंगा वाजला का फोन वर धरजा. मले आयकाचा हाये." भोंगा वाजला. मी फोन समुद्राकडे उंच धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता. फोन कानाला लावला तेव्हा पलीकडून साडू म्हणत होते की बरोबर वेळेवर सोडलं, कॅप्टन चांगला माणूस दिसते.

तिथे काय झालं ते पुढे मोठीबाईंनीच सांगितलं. दोघं वेळेत पोचली होती, चांगली लवकरच. पौर्णिमा होती, म्हणून पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं. पांढरी वाळू, पांढऱ्या भिंती, वर दुपारचं ऊन. काचबिंदूच्या डोळ्याला असा लखलखाट सोसत नाही. सगळं दुधासारखं एक होऊन गेलं. झाड उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत. लोक माना वर करून हात जोडत होते, आणि बाईंना त्या जागी फक्त उजेड दिसत होता. त्यांनी वंदना म्हटली, फुलं वाहिली. निघायची वेळ झाली तेव्हा साडूंनी विचारलं, दिसलं का. बाई म्हणाल्या, "दिसलं. चला." पण साडूंनी हयातभर ड्रायव्हर-कंडक्टरांची खोटी कारणं ऐकलेली. त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, की ती फांदी कोणत्या बाजूला वाकली आहे, आणि तिच्याखाली कसला टेकू दिलाय. बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मले काई नाई दिसलं. पण जहाज सुटन ना. चला." साडू उभे होते ते खाली वाळूवर बसले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "बस इथी. आपल्याले कुठी जायचं हाये?"

दोघं तिथेच बसून राहिली. मुरमुरे आणि जवसाची चटणी खाल्ली, शेजारी बसलेल्या एका सिंहली म्हातारीलाही दिली. डब्यातले थेंब वेळेवर डोळ्यांत टाकले. ऊन खाली आलं, वाळूवरचा चटका गेला, आणि उजेड जेव्हा आपल्याकडे गाई परतायच्या वेळी असतो तसा मऊ झाला, तेव्हा मोठीबाई हळूच म्हणाल्या की उजव्या हाताला वाकलीये, खाली सोनेरी टेकू हाये, आणि पानं हालून राह्यली. साडू शेजारी पोरासारखे रडले म्हणे. रात्रीपुरती यात्रेकरूंच्या धर्मशाळेत जागा मिळाली, चादर होतीच. सकाळी कोवळ्या उन्हात त्यांनी झाड परत एकदा पाहिलं, आणि मग त्याच गाडीने दक्षिणेकडे निघाली.

मधल्या दिवशी जहाज समुद्रात हिंडत होतं आणि मी वेड्यासारखा हिंडत होतो. साडूंचा फोन परत बंद. डेकवर त्यांनी धरून ठेवलेल्या खुर्च्यांवर दुपट्टा तसाच होता आणि तो कुणी उचलू नये म्हणून मी त्याच्याशेजारी बसून राहिलो. हंबनटोटाला पोचायच्या सकाळी मी, हयातीत पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी कठड्यावर हजर होतो. बायकोही उठून आली होती. धुक्यातून धक्का दिसायला लागला. रिकामाच होता, कामगारसुद्धा आले नव्हते. आणि त्या रिकाम्या धक्क्याच्या टोकाला, छत्री उघडून, मळखाऊ पिशवी मध्ये ठेवून दोन माणसं बसली होती. एक उठलं आणि दोन्ही हात करून जहाजाला, एसटी मागे घेताना करतात तशा खुणा करू लागलं, की येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडं. माझी बायको हसता हसता रडायला लागली. आम्ही उतरल्यावर साडू पहिलं वाक्य बोलले ते हे, की जहाज यायला किती उशीर.

परत आलो त्याला आता बराच काळ झाला. मोठीबाईंची नजर खिडकीच्या फटीएवढी उरली आहे. परवा चामोर्शीला एका लग्नाला जायचं म्हणून आम्ही गोंडपिपरीच्या स्टँडवर होतो, अर्थातच गाडी लागायच्या कितीतरी आधी. गाडी लागली, आम्ही बसलो. नव्या नियंत्रकाने शिट्टी वाजवली, ड्रायव्हरने गिअर टाकला, आणि पाहतो तो साडू दारात, एक पाय पायरीवर आणि एक खाली जमिनीवर. दूर नळाकडून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन लगबगीने येत होती. साडू ड्रायव्हरला म्हणाले, "थांब बाप्पा. एक बाई येऊन राह्यली." ड्रायव्हर कुरकुरला, नियंत्रक ओरडला, पण साडूंनी पाय काढला नाही. बाई चढली, त्यांनी गाठोडं आत घेतलं आणि घामाघूम होऊन मोठीबाईंशेजारी येऊन बसले. मोठीबाईंनी विचारलं, "माह्या वेळी काऊन नाई थांबवली?" साडूंनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "तवा मले समजत नोतं."

गाडी निघाली. खिडकीतून जे जे जात होतं ते साडू बायकोला हळू आवाजात सांगत होते. पळस फुललाय. सोयाबीनच्या रानात आता गहू आहे. ट्रक चालले आहेत, आज आडवा कुणी नाही. आष्टीचा पूल आला तेव्हा ते तिच्याकडे झुकून म्हणाले की वैनगंगा आली, पाणी मधल्या धारेत आहे, दोन्हीकडे वाळू आहे आणि पलीकडच्या काठाला एक डोंगा बांधलाय. मोठीबाईंनी मान खिडकीकडे वळवली.

"दिसलं," त्या म्हणाल्या. या वेळी साडूंनी पुढे काही विचारलं नाही.